पाटल्या गेल्या पाट्यांत

घरातल्या जुन्या वस्तूंपैकी गाडीइतकी भांडणे लावणारी दुसरी वस्तू नसेल. जुने कपाट कोपऱ्यात गप्प उभे राहते, शिवणयंत्रावर चादर टाकली की त्याचे टेबल होते. पण गाडीला जागा लागते, विमा लागतो, दर काही महिन्यांनी पैसे लागतात आणि ती ठेवावी की विकावी यावर घरातल्या प्रत्येकाचे ठाम मत असते. जिच्या दागिन्यांवर ती गाडी दारात आली, तिचे मत मात्र सहसा कुणी विचारत नाही.

तंजावरच्या मेलवीदीतल्या एका मराठी घरात नेमके असेच झाले. मेलवीदी म्हणजे राजवाड्याच्या भोवतालच्या चार मोठ्या रस्त्यांपैकी पश्चिमेचा रस्ता. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे १६७५ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर आले. त्यांच्या वंशाचे राज्य १८५५ साली इंग्रजांनी खालसा केले, पण त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर आलेली मराठी कुटुंबे तिथेच राहिली. आजही ही मंडळी घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमीळ बोलतात. त्यांच्या मराठीत तमीळ शब्द इतके सहज मिसळलेले असतात की पुण्याहून आलेला पाहुणा पहिल्या दिवशी गोंधळतोच. ‘अप्पा’ हा शब्द मात्र दोन्ही भाषांत चालतो. म्हणूनच या घरातले त्र्याहत्तर वर्षांचे निवृत्त गृहस्थ घरच्यांचेही अप्पा आणि गल्लीतल्या तमीळ पोरांचेही अप्पा.

अप्पांची गाडी म्हणजे १९८९ सालची पांढरी ॲम्बॅसिडर, मार्क ४. ती घेताना पैसे कमी पडले, तेव्हा त्यांच्या पत्नीने माहेरच्या पाटल्या मोडल्या. गाडी अर्थातच अप्पांच्या नावावर झाली. मुलाची मुंज, मुलीचे लग्न, शेतावरून येणारी तांदळाची पोती, कुंभकोणमच्या यात्रा, सगळे याच गाडीतून झाले. पुढे तीन, मागे चार आणि मांडीवर दोन ही त्या काळातली रीतच होती. गाडी कुरकुरत नसे, म्हणून कुणाला काही वाटतही नसे.

पण लोखंड सगळे लक्षात ठेवते. दहा-बारा वर्षांपूर्वी गाडीचा मागचा भाग खाली बसू लागला. आधी दोन बोटे, मग चार. मागच्या चाकाचा वरचा भाग मडगार्डच्या आत दिसेनासा झाला आणि उभी गाडी पाहिली की बसलेल्या म्हशीची आठवण येऊ लागली. गावातल्या गावात फिरायचे असल्याने घरच्यांनी तिकडे दुर्लक्ष केले.

मागची बाजू बसते म्हणजे काय होते?

ॲम्बॅसिडरचे मागचे वजन ज्यावर तोललेले असते, त्यांना गॅरेजमध्ये पाटे म्हणतात. कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचून मधोमध बोल्टने बांधलेल्या असतात. सर्वांत लांब पट्टीच्या दोन्ही टोकांना डोळे असतात. पुढचा डोळा गाडीच्या सांगाड्याला थेट जोडलेला, तर मागचा डोळा शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला. गाडीत माणसे बसली की कमान सपाट होते, म्हणजेच लांब होते. ती लांबी सामावून घेण्यासाठी शॅकल झुलते. वजन उतरले की कमान पुन्हा वर येते. ही युक्ती मोटारीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. तंजावरला दुसरे सरफोजी राजे गादीवर होते, त्या काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, इंग्लंडमधल्या घोडागाड्या अशा पोलादी कमानींवर धावू लागल्या होत्या. १९६४ साली अमेरिकेत आलेल्या आणि पुढे ‘मसल कार’ म्हणून तरुणांना वेड लावणाऱ्या फोर्ड मस्टँगच्या मागेही हेच पाटे होते. इंजिन कितीही दांडगे असो, मागची बाजू बैलगाडीच्या नात्यातली!

वर्षानुवर्षे ओझे वाहून पोलाद थकते. कमान पूर्वीइतकी वर येत नाही, आणि गाडी नुसती उभी असली तरी तिच्यातले ओझे कमानीला दाबतच राहते. अप्पांच्या गाडीत ते ओझे बरेच होते. घराचे कौल बदलताना पत्नीने पितळेची मोठी भांडी, घंगाळे आणि एक तांब्याचा बंब तात्पुरता म्हणून डिकीत ठेवला. छप्पर दोन महिन्यांत झाले. भांडी तीन वर्षे तिथेच राहिली. त्याच दुरुस्तीसाठी अप्पांनी सिमेंटची पोती गाडीतूनच आणली होती. त्यामुळे पाटे कुणी बसवले, यावर नवराबायकोत जो वाद झाला तो आजही मिटलेला नाही.

दुर्लक्ष महागात पडले ते २०२४ च्या जानेवारीत. पत्नीला डोळे दाखवायला तिरुचिरापल्लीला नेले होते. साठेक किलोमीटरचा रस्ता, पण परतताना रात्र झाली. मागची बाजू बसली की पुढची उचलली जाते, आणि दिवे रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांवर पडतात. समोरून येणारी प्रत्येक लॉरी दिवे उघडझाप करून शिव्या घालत होती. अप्पांना कळेना की आपले चुकतेय तरी काय! पुढच्या चाकांवरचा भार कमी झाल्याने स्टिअरिंगही हलके, तरंगल्यासारखे लागत होते. वल्लमजवळच्या गतिरोधकावर गाडीचे पोट खरवडले आणि मागे बसलेल्या बाईंच्या कमरेत अशी कळ गेली की घरी आल्यावर त्यांना दोघांनी धरून उतरवावे लागले.

चेन्नईला नोकरी करणाऱ्या मुलाने फोनवर निकाल देऊन टाकला, “अप्पा, विका आता ती. लहानशी नवी गाडी घेऊ.” गिऱ्हाईकही मिळाले. लग्नाच्या वरातीसाठी जुन्या गाड्या भाड्याने देणारा एक माणूस येऊन बघून गेला. २०१४ साली उत्तरपाड्याच्या कारखान्यात ॲम्बॅसिडर बनणे बंद झाल्यापासून अशा गाड्यांना हौशी गिऱ्हाईक मिळते.

बोलणी पक्की होत आली, तेव्हा आतून आवाज आला, “अहो, माझ्या पाटल्या गेल्या त्या या पाट्यांत. मला विचारल्याशिवाय ही गाडी दारातून हलायची नाही.”

अप्पा गप्प झाले. पस्तीस वर्षांत हा हिशोब त्यांच्यासमोर कुणी मांडला नव्हता.

बाईंचा हट्ट केवळ आठवणींपोटी नव्हता. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. नव्या लहान गाडीत बसून पाहिले होते. आत शिरताना मान वाकवावी लागे, बुड थेट खाली आदळे आणि उठताना कुणाचा तरी हात लागे. ॲम्बॅसिडरचे छप्पर उंच, दार रुंद आणि आसन खुर्चीसारखे. तिथे त्या स्वतःच्या स्वतः बसत आणि स्वतःच्या स्वतः उतरत. या वयात ‘स्वतःच्या स्वतः’ या दोन शब्दांची किंमत किती, हे तरुण मुलांना सांगून कळत नाही.

गाडी ठेवायचे ठरले. आता ती उचलायची कशी?

सोपे उपाय आणि त्यांची किंमत

उपाय सांगणाऱ्यांची कमतरता नव्हती. शेजारी म्हणाला, शॉक ॲब्सॉर्बर नवे टाका. हा अगदी सार्वत्रिक गैरसमज आहे. साधा शॉक ॲब्सॉर्बर गाडीचे वजन उचलत नाही, तो फक्त पाट्यांचे वरखाली नाचणे आवरतो. तो बदलून बसलेली गाडी उठत नाही. दुसरा म्हणाला, लांब शॅकल घाला. त्याने मागची बाजू वर येते खरी. अमेरिकेतल्या पोरांनी १९७० च्या दशकात आपल्या मसल कार अशाच शेपटी वर केलेल्या विंचवासारख्या करून फिरवल्या. त्यांना ऐट हवी होती. पण शॅकल लांब केले की पाट्याचा कोन बदलतो आणि वळणावर गाडी मागून हेलकावते. त्याच पोरांनी हवा भरायचे शॉक ॲब्सॉर्बरही वापरले. गाडीचे वजन मग अशा जागी पडते, जी मुळात ते पेलण्यासाठी केलेलीच नसते. आजी-आजोबांच्या गाडीत हे उद्योग हवेत कशाला?

अप्पा एका गॅरेजात गेले. तिथल्या मिस्त्रीने जुने पाटे न उघडताच प्रत्येक बाजूला एक जाड जादा पट्टी घातली. साडेतीन हजार रुपये आणि एक दिवस. गाडी अशी उठली की अप्पांनी ती मुद्दाम सगळ्या गल्लीतून फिरवून आणली.

आनंद तीन आठवडे टिकला. जाड पट्टीमुळे मागचा भाग इतका कडक झाला की दोनच माणसे असताना प्रत्येक खड्डा जसाच्या तसा आसनावर पोहोचे. बाईंनी एकदा तिरुवैयारूपर्यंतचे दहा-बारा किलोमीटर ओठ दाबून सोसले आणि त्यानंतर त्या रिक्षाने जाऊ लागल्या. अप्पांना हे फार लागले. जिच्यासाठी गाडी ठेवली, तीच रिक्षात आणि आपण मागून रिकामी गाडी घेऊन! त्यात उजवी बाजू पुन्हा खाली येऊ लागली आणि मागून ‘कट्ट’ असा आवाज येऊ लागला. मिस्त्री म्हणाला, अजून एक पट्टी टाकू.

ऑगस्टमध्ये नोंदणीचे नूतनीकरण होते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, नंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासणीला उभी करावी लागते. एका बाजूला कललेली गाडी घेऊन जायचे धैर्य अप्पांना होत नव्हते.

मे महिन्यात सून मुलांना घेऊन सुट्टीला आली. ती कोल्हापूरची. तिच्या वडिलांची उभी हयात शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत गेली आणि तिने स्वतः तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेली. कोल्हापूर आणि तंजावर ही भोसल्यांची दोन घराणी, त्यामुळे सासरे-सुनेत थोरली पाती कुणाची यावर थट्टा नेहमीची. गाडीबद्दल मात्र तिला आजवर कुणी विचारले नव्हते. नवरा तर म्हणाला, “तू कशाला तेलात हात घालतेस?”

तिने हात तेलात घातलेच नाहीत. आधी फक्त शिवणाच्या डब्यातली टेप मागितली.

“अप्पा, गाडी सपाट फरशीवर घ्या. चारी टायरमध्ये हवा सारखी भरा आणि डिकी पूर्ण रिकामी करा.”

भांडी बाहेर निघाली. सासूबाई प्रत्येक भांडे पुसून ओसरीवर मांडत होत्या आणि अप्पा मोठ्याने मोजत होते. सतरा नग भरले.

मग तिने चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजले. उजवी बाजू सव्वा इंच खाली. इथपर्यंत सगळ्यांना माहीत होतेच. पुढचे मात्र मिस्त्रीला सुचले नव्हते. तिने पाट्याच्या दोन डोळ्यांमध्ये दोरा ताणला आणि मधोमध दोऱ्यापासून पट्टीपर्यंतचे अंतर पाहिले. कमान किती उरली आहे, हे त्यावरून कळते. डावीकडे जेवढे, उजवीकडेही जवळपास तेवढेच!

“म्हणजे काय झालं गं?” सासूबाईंनी विचारले.

“आई, पाटे दोन्हीकडे सारखेच थकलेत. मग एकच बाजू खाली का? दोष पाट्यात नाही, पाटा जिथे टांगलाय तिथे आहे.”

ॲम्बॅसिडरला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. पत्र्याचा सांगाडा हीच तिची हाडे. रिकाम्या डिकीतले रबरी पायपुसणे उचलले, आणि उत्तर समोर आले. डिकीच्या दाराचे रबर फाटले होते. तंजावरचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमधला. त्याचे पाणी तीन वर्षे भांड्यांखाली साचत होते आणि भांडी असल्याने कुणी तिथे पाहिले नव्हते. उजव्या शॅकलच्या वरचा पत्रा गंजून पापडासारखा झाला होता. अप्पांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो आरपार गेला.

नव्या जाड पट्टीने कडक झालेला पाटा प्रत्येक खड्ड्यात त्या कुजक्या पत्र्यालाच वर ढकलत होता. ‘कट्ट’ आवाज तिथून येत होता. अजून एक पट्टी टाकली असती, तर एखाद्या दिवशी पाट्याचे टोक डिकीत घुसले असते. गाडी वेगात असताना तसे झाले असते तर काय, हा विचार ओसरीवरच्या तिघांनीही केला असावा. कारण बराच वेळ कुणी बोलले नाही. मग सासूबाई उठल्या आणि भांडी गाडीपासून लांब, कोठीच्या खोलीत नेऊन ठेवू लागल्या.

लोहाराचा नकार

आधी पत्र्याचे काम झाले. गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढला आणि तिथे जाड पोलादी पत्रा वेल्ड करून घेतला. गंजावर नुसता पत्रा चिकटवणे हा अगदी रुळलेला प्रकार आहे, पण तो रंग वाळेपर्यंतच टिकतो. डावी बाजूही उघडून पाहिली. तिथे वरवरचाच गंज होता.

पाट्यांसाठी अप्पांना करंतैमधला एक म्हातारा लोहार आठवला. तमिळमध्ये लोहाराच्या कामाच्या जागेला पट्टरै म्हणतात. या पट्टरैत पूर्वी नांगराचे फाळ आणि बैलगाडीच्या धावा होत, आता लॉरीचे पाटे येतात. त्याला मराठी येत नाही, सुनेला तमीळ कामापुरतेच. तिने खडूने जमिनीवर कमान काढली, त्याने मान हलवून ती पुसली आणि थोडी कमी वाकलेली कमान काढली. अप्पांना दुभाष्याचे काम फारसे पडले नाही.

पाटे सुटे केले, तेव्हा डावीकडची तिसरी पट्टी मधल्या भोकाजवळ तडकलेली निघाली. ती बदलायचीच होती. अशी पट्टी वेल्ड करून पुन्हा घालू नये. जोडाजवळ ती पुन्हा तुटते. बाकीच्या पट्ट्या झटपट वाकाव्यात म्हणून पट्टरैतला पोरगा गॅसची बत्ती घेऊन पुढे आला. म्हाताऱ्याने त्याला हातानेच मागे सारले. पाट्याच्या पोलादाला कारखान्यात तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून पाणी दिलेले असते. बत्तीने लालभडक करून तसेच सोडले की ते पाणी उतरते. पट्टी आठ दिवस छान दिसते आणि मग पुन्हा सपाट होते. भट्टी पूर्ण रीतीने करायची किंवा लोखंड थंडच वाकवायचे, मधला रस्ता नाही, असे त्याचे म्हणणे.

त्याने थंडच वाकवले. दोन ठोकळ्यांमधल्या फटीवर पट्टी पोट वर करून ठेवायची आणि पोटाकडून घणाचा घाव घालायचा. इंचभर सरकवायचे, पुन्हा घाव. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि प्रत्येक फेरीनंतर खडूच्या रेषेवर ठेवून पाहायचे. घाई करून एकाच जागी मारले तर तिथे कोपरा पडतो आणि पट्टी पुढे तिथेच तुटते. सगळे पाटे व्हायला दीड दिवस लागला. सून दोन्ही दिवस स्टुलावर बसून होती. पट्ट्यांचा गंज घासून मध्ये ग्रीस लावून मगच पुन्हा रचल्या. जाड जादा पट्ट्या मात्र कुणी परत घातल्या नाहीत.

जोडणीत तिने दोन गोष्टी करवून घेतल्या. जुने यू बोल्ट ताणलेले असतात, म्हणून ते नवे आणले. रबरी बुशांचे बोल्ट तिने गाडी जॅकवर असताना हातानेच लावायला सांगितले आणि चाके जमिनीवर येऊन गाडीचे वजन पाट्यांवर पडल्यावर आवळून घेतले. अधांतरी आवळले तर वजन येताच रबर पिळले जाते आणि लवकर फाटते. गाडीखाली शिरणाऱ्या पोराला तर तिने नुसत्या जॅकच्या भरवशावर आत जाऊच दिले नाही. लाकडी ठोकळे लावल्यावरच जा म्हणाली. लोहार हसला, पण ठोकळे त्यानेच आणून दिले.

पत्र्याचे, पाट्यांचे आणि सुट्या भागांचे मिळून अकरा हजारांच्या आसपास झाले. आधीचे साडेतीन हजार वेगळेच. हे पैसे सासूबाईंनी आपल्या कपाटातून काढून दिले आणि मुलाला फोनवर तेवढे सांगितले. तो म्हणाला, “मी पाठवले असते ना!” त्यावर त्यांनी उत्तर दिले नाही.

उंचीचा मोह कुणी केला नाही, हे विशेष. गाडी पूर्वीपेक्षा तीन बोटे वर आली, जाड पट्टी असताना आली होती त्यापेक्षा कमी. अप्पांना अजून थोडी हवी होती. सुनेने त्यांना दाखवले की मागची बाजू फार उचलली तर गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या दांड्याचा कोन बिघडतो आणि गाडी नाकावर झुकते. हवी आहे ती उंची कारखान्याने दिलेली, ऐटीची नव्हे. दिव्यांचेही तसेच. मधल्या काळात लॉरीवाल्यांच्या शिव्या खाऊन अप्पांनी दिव्यांचे स्क्रू फिरवून ते खाली केले होते. गाडी सरळ झाल्यावर प्रकाश थेट बंपरपुढे पडू लागला. भिंतीसमोर गाडी उभी करून तेही पुन्हा लावावे लागले.

हा उपाय प्रत्येक जुन्या गाडीला लागू पडेल असे मात्र नाही. हौशी लोक जिला भारताची मसल कार म्हणतात, ती कॉन्टेसा हिंदुस्तान मोटर्सचीच, १९८४ ते २००२ या काळातली. पण तिच्या मागे पाटे नसून गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत. अशी स्प्रिंग बसली की ती ताणून किंवा तापवून लांब करायचा प्रयत्न न करता बदलणेच बरे. आधी टेप लावून पाहण्याचे काम मात्र तिथेही तेच.

जूनमध्ये शाळा उघडल्या आणि सून चेन्नईला परतली. जाण्याआधी तिने डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने दोन आकडे लिहून ठेवले, डावा आणि उजवा, आणि दर रविवारी मोजून कळवायला सांगितले. पहिले दोन रविवार दोन्ही आकडे सारखे. तिसऱ्या रविवारी दोन्ही बाजू अर्धे बोट खाली आल्या, तेव्हा अप्पा घाबरले. ती म्हणाली, “अप्पा, नव्यानं वाकवलेले पाटे थोडे बसतातच. दोन्ही सारखे बसले ना? मग ठीक आहे. यू बोल्ट तेवढे पुन्हा आवळून घ्या.” प्रत्येक नट पाव आटा फिरला. त्यानंतर आकडे हलले नाहीत.

ऑगस्टमध्ये गाडीला पुढच्या पाच वर्षांचे प्रमाणपत्र मिळाले. नंतरच्या रविवारी सासूबाईंनी तिरुवैयारूला जायचे म्हटले. त्या स्वतःच्या स्वतः मागे बसल्या आणि अप्पांनी डिकी उघडून आत काही ठेवलेले नाही ना, हे पाहून घेतले. रिकामीच होती. फक्त एक घंगाळे कोठीच्या खोलीत मावले नव्हते. ते तुळशीपाशी ठेवले आहे आणि त्याचे काय करायचे, हे अजून ठरलेले नाही.